दार लावण्याचा मान

कोणे एके काळी, आणि तो काळ नेमका कोणता ते मला विचारू नका, कारण मलाही कुणी सांगितलेलं नाही, डोंगररांगेच्या अलीकडे एक गाव होतं. गावाला दगडी तट होता. तटाला एकच वेस होती आणि वेशीला सागवानी फळीचं एक दार होतं. ते इतकं जड होतं, की लावताना धडधाकट माणसाच्या तोंडूनही ‘हुश्श’ निघायचं.

त्या गावावर एका परक्या सरदाराचा अंमल होता. सरदार मोठा हुशार माणूस. त्यानं कुणाच्या पायात बेड्या घातल्या नाहीत. बेड्यांना लोखंड लागतं, लोहार लागतो, उगाच खर्च. त्यानं दवंडी पिटून एवढंच सांगितलं, “दिवस मावळला की वेशीचं दार लागेल. त्या वेळी जो बाहेर असेल, त्याचं घर जप्त.”

झालं! आता सांगा, माणूस जाणार किती लांब? संध्याकाळच्या आत परत येता येईल तेवढंच. सकाळी निघायचं, दुपारपर्यंत चालायचं आणि माघारी फिरायचं. माळावर ज्या ठिकाणी माघारी फिरावंच लागे, तिथं सरदारानं एक दगड रोवला. लोक त्याला परतीचा दगड म्हणू लागले. त्या दगडापलीकडचं जग हळूहळू गावाच्या बोलण्यातूनसुद्धा गेलं. सोयरिकी गावातल्या गावात व्हायला लागल्या. कुणाची बहीण डोंगरापलीकडे दिलेली असेल, तर तिचं नाव सणासुदीला निघायचं, बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

अशा या गावात हौसा सून म्हणून आली. त्या वर्षी तिच्या नवऱ्याची, सुभानाची, गावातली सोयरीक काही केल्या जुळेना, म्हणून डोंगरापलीकडची मुलगी आणली. वाट दीड दिवसाची. हौसाची आई तिला घालवायला परतीच्या दगडापर्यंत आली होती. दगडापाशी तिनं लेकीची ओटी भरली आणि विचारलं, “आता कधी येशील गं?”

हौसा तेव्हा पोरवयाची. ती म्हणाली, “दिवाळीला येईन की!”

दिवाळी आली आणि गेली. हौसाला कळून चुकलं, की दीड दिवसाच्या माहेराला रात्र बाहेर काढल्याशिवाय जाता येत नाही, आणि रात्र बाहेर काढली तर सासरचं घर जातं. एकदा तिचा दादा न्यायला आला होता. वेशीत बसला, पाणी प्याला, बहिणीकडे बघत राहिला आणि उन्हं कलायच्या आत एकटाच परत गेला.

मग हौसानं काय करावं? गावातल्या बायका वाळवण घालायला तटावर जायच्या. हौसा रोज जायची. मिरच्या पसरायच्या, मिरच्या खालीवर करायच्या, आणि मान वर करून समोरच्या निळ्या डोंगराकडे बघायचं. त्या डोंगराच्या पलीकडे आई चूल पेटवत असेल, असं तिला वाटायचं. कधी खरंच धुराची रेघ दिसायची. ती आपल्याच घरची, असं ती ठरवून टाकायची. शेजारीण म्हणायची, “हौसे, तुझ्या मिरच्या वाळून कोळसा झाल्या गं!” तरी ही आपली डोंगराकडेच बघत उभी.

पुढं गाव सरदारावर उठलं. कसं उठलं ती कहाणी मोठी आहे आणि ती सांगायचा मक्ता त्या गावच्या थोरल्या बाबांकडे होता, म्हणून मी सांगत नाही. थोरले बाबा तेव्हा तिशीपुढचे. सरदाराच्या शिपायांनी त्यांच्या पाठीवर कोरडे ओढले होते, तरी तेच सगळ्यांच्या पुढं होते. खूप माणसं गेली, पण शेवटी सरदार पळाला. त्या दिवशी हौसा घरातून धावतच निघाली होती. नवऱ्याला म्हणाली, “अहो, गेला तो! आता जाऊ मी आईकडं?”

सुभाना म्हणाला, “अगं, जरा थांब. आजची रात्र जाऊ दे. तो परत फिरला तर?”

आणि बोलणं काही चुकीचं नव्हतं बरं का! तो परत फिरला असता तर? म्हणून त्या रात्री गावानं स्वतःच दार लावलं. दुसऱ्या रात्रीही लावलं. तिसऱ्या रात्री कुणी विचारलंसुद्धा नाही, दिवस मावळला की दार लागलं. नियम तोच, दगड तोच. वर्ष झालं तेव्हा थोरले बाबा म्हणाले, “पूर्वी त्याचे शिपाई आपल्यावर दार लावायचे. आज आपण आपल्या हातानं लावतो. यासाठीच आपण रक्त सांडलं!” सगळ्यांचे डोळे भरून आले. त्या दिवसाला सुटकेचा दिवस असं नाव पडलं, आणि सुटकेच्या दिवशी दार लावणं हा गावातला सगळ्यांत मोठा मान ठरला. दर वर्षी एका घराला मिळायचा. ज्या घराचा मान, त्या घरच्या कर्त्या बाईनं दार लावायचं, आतून अडसर घालायचा, आणि त्या दिवशी तिच्याखेरीज अडसराला कुणी हात लावायचा नाही.

हसताय काय? तुम्ही असता तर तुम्हीही टाळ्याच वाजवल्या असत्या.

सुटकेचा दिवस म्हणजे काय थाट असायचा म्हणून सांगू! बुरुजावर निशाण चढायचं, वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण लागायचं. पोरं लेझीम खेळायची, हलगी वाजायची, घरोघर पुरणाचा वास सुटायचा. भल्या पहाटे सगळं गाव शिदोऱ्या बांधून परतीच्या दगडापर्यंत जायचं. लोकांनी त्या दगडाला शेंदूर लावला होता. त्याला नारळ फोडायचा, तिथं बसून पुरणपोळ्या खायच्या आणि माघारी फिरायचं. संध्याकाळी वेशीत थोरले बाबा लढाईची कहाणी सांगायचे. शेवटी ओरडायचे, “आपण मोकळे आहोत!” गाव ओरडायचं, “आहोत!”

हौसाही ओरडायची. ओरडून झालं की डोळे पुसायची. तिला वाटायचं, गर्दीत धूळ फार झाली.

अशी पुष्कळ वर्षं गेली. हौसाच्या डोक्यात चांदी आली. सासू वारली आणि ती घरची कर्ती बाई झाली. आणि त्या वर्षी सुटकेच्या दिवशी दार लावायचा मान सुभानाच्या घराला आला. शेजारीण तिच्या अंबाड्यात गजरा माळत म्हणाली, “मजा आहे बाई एकीची! आता महिनाभर तुझे पाय जमिनीला लागायचे नाहीत.”

हौसा हसली. तिलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोला? नवं लुगडं नेसून ती सगळ्यांबरोबर दगडापर्यंत गेली. नारळ फुटला, पोळ्या खाऊन झाल्या. लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात डोंगराकडून एक धनगर मेंढरं हाकत आला. दर साल तो त्याच वाटेनं जायचा आणि कधीमधी हौसाच्या माहेरचा निरोप आणायचा. आज तो हसला नाही.

“बाई,” तो म्हणाला, “तुझी आई अंथरुणाला खिळलीय. अन्न सुटलंय. जीव तुझ्यापाशी अडकलाय तिचा. दादा म्हणाला, हौसाला एवढं सांग.”

हौसा मटकन खाली बसली. समोर डोंगर होता. इतका जवळ तो तिला कधी दिसला नव्हता. मागून लोक हाका मारत होते, “चला, चला, उन्हं कलायच्या आत निघू!” सुभानानं तिला दंडाला धरून उठवलं. गाव जवळ आल्यावर तो एवढंच म्हणाला, “जाऊन ये असं म्हणायचंय मला, हौसा. पण तोंडातून निघत नाही गं.”

गावात शिरताच हौसा थेट थोरल्या बाबांकडे गेली. बाबा आता पार थकले होते. पाटावर बसून कहाणीची उजळणी करत होते.

“बाबा, माझी आई जायला टेकलीय,” हौसा म्हणाली. “मला माहेरी जाऊ द्या.”

बाबा हळहळले. “अरेरे! जा ना पोरी, जा. कोण अडवतंय तुला?”

“रात्र बाहेर काढावी लागेल, बाबा.”

बाबा मग म्हणाले, “मग घराचं कसं?”

“घर कोण नेणार आहे? नेणारा तर तुम्हीच पळवून लावलात.”

“नियम आहे गं.”

“तो नियम सरदाराचा होता, बाबा.”

“त्याचा होता तेव्हा तो जुलूम होता,” बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले. “आता तो आपला आहे. आपणच आपला नियम मोडला, तर लोक काय म्हणतील? मोकळे झाले आणि बेशिस्त झाले, असंच ना? आज तर तुझ्या हाताला मान आहे. लहानमोठे सगळे तुझ्याकडे बघणार. आवर डोळे. आईला मनातून नमस्कार कर. पोचतो तो.”

बाबा वाईट नव्हते हो. त्यांच्या आवाजात माया होती. हौसा त्यांच्या पाया पडली आणि उठली. बाहेर येऊन तिनं तोंड धुतलं. आजवर त्या गावात कुणाचं घर जप्त झालं होतं का? सरदार गेल्यापासून एकाचंही नाही. कारण एकानंही रात्र बाहेर काढली नव्हती. हौसाच्या मनात हे पहिल्यांदा आलं.

दिवस मावळतीला आला. वेशीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबांनी कहाणी सांगितली, पोरांनी तोंडं उघडी टाकून ऐकली. “आपण मोकळे आहोत!” “आहोत!” तटावरून हाळी झाली, “कुणी बाहेर आहे का? या, दिवस बुडतोय!” मग लोकांनी वाट केली आणि हौसा तबक घेऊन पुढं आली. तिनं दाराला हळदकुंकू वाहिलं, उंबऱ्यावर पाणी घातलं. हलगी घुमायला लागली.

“हं, पोरी,” बाबा म्हणाले, “लाव दार.”

हौसानं तबक खाली ठेवलं. दाराच्या बाहेरच्या अंगाला एक लोखंडी कडी होती. ती गंजली होती, कारण तिकडून दार ओढायची वेळच कुणावर आली नव्हती. हौसा उंबरा ओलांडून बाहेर गेली. लोकांना वाटलं, बाहेरून कुंकू लावत असेल. तिनं दोन्ही हातांनी कडी धरली, पाय रोवले आणि सगळा जीव एकवटून दार ओढलं. ते करकरत फिरलं आणि धाडकन बसलं.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. गुलाल उधळला. दार तर लागलंच होतं ना! टाळ्या संपेपर्यंत कुणाच्या ध्यानात काही आलं नाही. मग शेजारीण इकडंतिकडं बघत म्हणाली, “अगं बाई, हौसा कुठाय?”

हलगी थांबली. दाराबाहेरून हौसाचा आवाज आला. धापा टाकत होती, पण आवाज स्वच्छ होता.

“अहो, ऐकलंत का? मान चुकवला नाही हं मी. दार लावलंय. आता आईला बघून येते.”

सगळं गाव सुभानाकडे वळलं. घर, ओटी, गोठा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तो दाराजवळ गेला, फळीला गाल लावला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “सांभाळून जा! घाई करू नको. मी आहे इथं.”

थोरल्या बाबांचा हात अडसराकडे गेला. सुभाना आडवा उभा राहिला. “बाबा, आज अडसराचा मान आमच्या घरच्या बाईचा. दुसऱ्या हातानं नाही चालायचं. तुम्हीच घालून दिलेली रीत आहे ही.”

बाबांनी हात मागं घेतला. त्या रात्री वेशीला अडसर पडला नाही. गावातले पुरुष काठ्या घेऊन दाराशी बसले. एक कुत्रं आलं, अडसर नसल्यानं राहिलेल्या फटीतून आत डोकावलं आणि एवढी माणसं बघून आल्या वाटेनं परत गेलं. बाकी काही म्हणजे काही झालं नाही. उजाडल्यावर लोक एकमेकांकडे न बघताच घरी गेले.

इकडं हौसा चालत होती. चांदणं होतं. परतीच्या दगडापाशी आल्यावर तिचे पाय आपोआप माघारी वळले. इतक्या वर्षांची सवय, पाय तरी काय करणार? ती थबकली, स्वतःवरच चिडली आणि पुढं निघाली. दगड मागं पडला तेव्हा तिला रडू फुटलं. भीतीचं नव्हे. ओलांडताना काहीच झालं नाही, याचं ते रडू होतं. तिथं ना शिपाई, ना कुंपण. पुढची माती मागच्या मातीसारखीच होती. मग आपण इथून इतक्यांदा परत का फिरलो?

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती माहेरच्या अंगणात पोचली. दादाला तिनं आधी ओळखलंच नाही, तो इतका म्हातारा दिसत होता. आई खाटेवर होती. पार वाळून चिमूटभर झाली होती, पण डोळे उघडे होते. हौसानं तिचा हात हातात घेतला.

“कोण, हौसा?” आई म्हणाली. “आलीस?”

“आले गं आई.”

आई तिचं तोंड चाचपत राहिली. केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “पिकले की गं!” मग थोडा दम खाऊन म्हणाली, “तुमच्याकडचा तो मेला सरदार गेला, असं एका सकाळी कळलं. मी त्याच दिवशी अंगण सारवलं. म्हटलं, माझी हौसा आता येतेच. दादाला म्हटलं, तू जाऊ नको आणायला, ती आपल्या पायानं येईल, तिला आता कोण अडवणार? रोज भाकरी टाकताना एक जास्तीची टाकायचे बघ. किती वर्षं गं टाकली! का नाही आलीस?”

हौसाला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. काय सांगणार होती ती? दार लागायचं म्हणून? दार कोण लावायचं? आम्हीच लावायचो. लावताना टाळ्या वाजवायचो. तिनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि लहान मुलीसारखी हंबरडा फोडून रडली. आईनं पुन्हा विचारलं नाही. ती नुसती थोपटत राहिली.

आई त्यानंतर थोडे दिवस राहिली आणि एका पहाटे लेकीच्या मांडीवर गेली. दिवसकार्य आटोपून हौसा सासरी निघाली. दादा तिला अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला आला. निघताना त्यानं कधी येशील असं विचारलं नाही, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

ती गावात शिरली तेव्हा लोक घराघरांतून बाहेर येऊन बघत होते. तिचं घर जागेवर होतं. ओट्यावर सुभाना बसला होता. तिला बघून तो उठला, तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

तेवढ्यात काठी टेकत थोरले बाबा आले. लोकांना वाटलं, आता जप्तीचं बोलणार. बाबा ओट्यावर टेकले.

“भेटली का आई?” त्यांनी विचारलं.

“भेटली, बाबा. तिनं विचारलं, तो गेल्यावरसुद्धा का नाही आलीस. मला सांगता आलं नाही. तुम्ही तरी सांगा.”

बाबांनी पाठीवर कोरडे सोसले होते, तेव्हा त्यांच्या तोंडून हूंसुद्धा निघालं नव्हतं. आता त्यांचे ओठ थरथरायला लागले. ते म्हणाले, “माझी धाकटी बहीण डोंगरापलीकडं दिली होती. सरदार यायच्या आधी. दूध-भात आवडायचा तिला.” मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “हौसा, तिकडच्या गावांत कुठं म्हाताऱ्या बायका दिसल्या का गं तुला? असेल का ती?”

हौसानं त्यांच्या सुरकुतलेल्या हातावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा निघाला. लोक म्हणाले, “बाबा, या वयात? रात्री कुठं झोपाल?” ते म्हणाले, “जिथं बहीण असेल तिथं.” त्यांच्यामागून आणखी कोणी मामाच्या, कोणी मावशीच्या, कोणी आत्याच्या शोधात निघालं. कुणाला आपली माणसं भेटली, गळ्यात पडून रडली. कुणाला नुसत्या उजाड भिंती भेटल्या. थोरल्या बाबांना बहिणीच्या दारात तिची सून भेटली. ती म्हणाली, “सासूबाई परवाच्या उन्हाळ्यात गेल्या. तुमचं नाव फार काढायच्या.” बाबा तिथंच अंगणात बसले आणि सांज होऊन गेली तरी उठले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना कुठं परतायची घाई नव्हती, आणि ज्याच्यासाठी थांबावं असंही कुणी उरलं नव्हतं.

म्हणून, बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, सणाच्या दिवशी निशाणाला हात जोडाल तेव्हा एवढं मनाशी धरा: जुलमी निघून गेला म्हणजे सुटका अर्धीच होते, त्यानं मनात घातलेलं भय आपण आपल्या हातानं काढून टाकतो तेव्हाच ती पुरी होते, आणि त्याला जितका उशीर होतो तितकी आपली माणसं वाट बघून संपतात.